सहाशेचं तिकीट

मी वेरूळ-अजिंठ्याचा गाइड आहे. फ्रेंचवाला. आमच्या धंद्यात माणसाची ओळख भाषेवरून होते. हा जर्मनवाला, तो जपानीवाला, तसा मी फ्रेंचवाला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लायसन्स हातात पडलं, तेव्हापासून हेच करतो आहे. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, माझे केस पिकले. पर्यटक कोणाला म्हणायचं, या एका बाबतीत मात्र आपण किती कोते होतो, हे कळायला साठी उंबरठ्यावर यावी लागली.

ज्याचं पोटच पर्यटकांवर चालतं त्याला पर्यटक कोण हे ठाऊक नसेल का? मला अगदी पक्कं ठाऊक होतं. तिकिटाच्या खिडकीवर लिहिलेलंच असतं, असं मी समजायचो. भारतीयांना ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. त्याच पाटीवर आणखी एक ओळ असते: सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर. म्हणजे श्रीलंका, नेपाळ, भूतान, म्यानमार, थायलंड इथला माणूस पासपोर्ट दाखवून ४० रुपयांत आत जातो. सरकारचा हा शेजारधर्म. मी मात्र त्या ओळीचा माझ्यापुरता अर्थ लावला होता की हे काही खरे परदेशी नव्हेत. सहाशेचं तिकीट काढतो तो टूरिस्ट, बाकी सगळी गर्दी.

माझा टूरिस्ट कसा, तर साठीच्या आसपासचा, पायात भक्कम बूट, बगलेत ‘गिद ब्ल्यू’. नवरा प्रश्न विचारतो, बायको वहीत टिपून घेते. फ्रान्समध्ये पगारी सुट्टीचा कायदा १९३६ साली झाला आणि १९८२ पासून ती सुट्टी वर्षाला पाच आठवडे आहे. त्यामुळे या माणसाला घाई नसते. तो मुंबईत उतरायचा, इंडियन एअरलाइन्सच्या मुंबई-औरंगाबाद-उदयपूर-जयपूर-दिल्ली अशा उड्या मारत जाणाऱ्या विमानाने चिकलठाण्याला यायचा, दोन रात्री राहायचा. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, येता-जाता बीबी का मकबरा, पाणचक्की आणि हिमरूचं दुकान, मग पुढे उदयपूर. आमचा अख्खा सीझन त्या विमानाच्या भरवशावर असायचा. दुकानातल्या खरेदीवर मला कमिशन मिळायचं हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं फारच सोवळ्यात बसून सांगितल्यासारखं होईल.

दुसऱ्या टोकाला ‘बुद्धिस्ट ग्रुप’. बोधगया, सारनाथ, सांची करत बसने आलेले. बरोबर त्यांचे भन्ते, त्यांचा आचारी, त्यांचा तांदूळ. गाइड नको, स्वस्तातलं हॉटेल, खरेदी शून्य. लेण्यात येतात, बसतात, वंदना म्हणतात, उठतात. कोरीव काम किती सालचं, कोणाच्या काळातलं, याची चौकशी नाही. माझं एक ठरलेलं वाक्य होतं. पार्किंगमध्ये ड्रायव्हर मंडळींच्या घोळक्यात मी ते हशा मिळेपर्यंत ताणून म्हणायचो: “हे बघायला कुठं येतात? पाया पडायला येतात.”

जपान्यांना मी या वर्गवारीतून वगळलं होतं, आणि त्याचं कारण आज आठवलं की ओशाळायला होतं. मी धंद्यात आलो तेव्हा जपानी माणूस भरात होता. परदेशी जाणाऱ्या जपान्यांची संख्या दुप्पट करून वर्षाला १ कोटीवर न्यायची, असा कार्यक्रम तिथल्या सरकारने १९८७ साली काढला आणि १९९० मध्येच तो आकडा गाठला. येन वधारलेला होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर हे लोक उभे राहायचे ते हलायचेच नाहीत. त्यांच्याकडे नाराजवळच्या होर्यूजी मंदिरात अजिंठ्याशी नातं सांगणारी भित्तिचित्रं होती आणि १९४९ च्या आगीत ती होरपळली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अराई कांपो नावाचा त्यांचा चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करून गेला होता. त्याही १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. हरवलेलं काहीतरी इथे भिंतीवर अजून शाबूत आहे, म्हणून ते येत. पुढे जपानच्या कर्जातूनच अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प झाला. आमच्याकडे थोडेफार रस्ते, झाडं आणि सोयी दिसतात, त्यांत त्या पैशाचा मोठा हात आहे. तर पद्मपाणीसमोर जपानी माणूस हात जोडायचा, डोळे मिटायचा. तोही वंदनच करत होता. पण त्याच्या गळ्यात निकॉन होता, म्हणून मला तो रसिक वाटला.

हवा बदलते आहे हे आमच्या आधी ओळखलं ते अजिंठ्याच्या पायथ्याशी स्फटिकाचे दगड विकणाऱ्या पोरांनी. मी नवा होतो तेव्हा ती बसमागे “बोंजूर, बोंजूर” करत धावायची. मग “कोन्निचिवा” आलं. नव्वदीनंतर हळूहळू “आन्योंग”, कारण दक्षिण कोरियाने १९८९ साली आपल्या नागरिकांना परदेशी हिंडायची पूर्ण मोकळीक दिली होती. पोरांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना फक्त बसमधून नवे चेहरे उतरताना दिसले. मग “नि हाव” आलं, “सवादी” आलं. एकदा एका पोराने माझ्या फ्रेंच जोडप्यालाच “आयुबोवन” म्हणून हात जोडले, तेव्हा मी त्याला झापलं होतं. सिंहली नमस्कार होता तो. ते माझं गिऱ्हाईक नव्हतं, एवढाच त्या पोराचा अपराध.

एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि शहराचं विमानाचं गणित कोलमडलं. अजिंठ्याचा रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेला होता; सिल्लोडपर्यंत पोचेतो पाहुण्यांच्या कमरेचे टाके ढिले व्हायचे. पुढे मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली, ती थेट डिसेंबरात उघडली. त्या रिकाम्या महिन्यांत मी एका वर्तमानपत्रासाठी लेख लिहायला घेतला. परदेशी पर्यटकांनी आपल्याकडे पाठ का फिरवली, असा विषय. विमान, रस्ता, सरकार, सगळ्यांना धारेवर धरलं होतं. लेक म्हणाली, “बाबा, एवढं लिहिताय तर आधी आकडे तरी बघा.” तिने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची कोष्टकं लॅपटॉपवर उघडून दिली आणि ती आपल्या कामाला लागली.

मी आकडे बघितले ते माझं म्हणणं सिद्ध करायला. पहिलाच आकडा माझ्या बाजूचा निघाला, त्यामुळे बरं वाटलं. १९५० साली जगभरात मिळून अडीच कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक. त्यातले दोनतृतीयांश युरोपात, उरलेले बहुतेक अमेरिका खंडांत. आशिया-पॅसिफिक हा सगळा पसारा मिळून जेमतेम २ लाख, म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. भारतात १९५१ साली आलेले परदेशी पर्यटक १७ हजारांच्या आत. माझ्या डोळ्यांसमोरचं जग हेच होतं: प्रवास करणारा तो गोरा, आणि ज्याच्याकडे प्रवास करून जायचं ते आपण.

मग पुढच्या ओळी. १९८० मध्ये २८ कोटींच्या आसपास. २०१२ मध्ये १०० कोटी ओलांडले. २०१९ मध्ये १४६ कोटी. त्यातलं आशिया-पॅसिफिक ३६ कोटी, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. आता यावरून युरोप आटला असेल म्हणावं, तर तेही नाही. युरोपचा वाटा दोनतृतीयांशावरून निम्म्यावर आला खरा, पण माणसं वाढून ७४ कोटींवर गेली होती. एकट्या फ्रान्समध्ये ९ कोटी पाहुणे, स्पेनमध्ये ८ कोटींच्या वर. मी दोनदा चष्मा पुसला.

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं ते एक वाक्य, कोष्टकाखाली सहज लिहिलेलं. जगातल्या दर पाच आंतरराष्ट्रीय पर्यटकांपैकी चार जण आपल्याच खंडाच्या आसपास हिंडतात. जर्मन माणूस ऑस्ट्रियात बर्फावर घसरायला जातो आणि एक रात्र राहतो, झाला तो आंतरराष्ट्रीय पर्यटक. फ्रेंच माणूस स्पेनच्या किनाऱ्यावर जातो. तो पूर्वीही तिकडेच जात होता. माझ्याकडे यायचा तो पाचवा, आणि त्या पाचव्यातलाही एखादाच. त्या एखाद्याला मी नियम धरून बसलो होतो आणि तो कमी आला की जग फिरायचं थांबलं असं म्हणत होतो.

हाच हिशेब आमच्या दाराशी लावला तर शेजारी कोण? श्रीलंका, थायलंड, म्यानमार, नेपाळ, बांगलादेश. चाळीसच्या तिकिटावर आत येणारे. २०१९ मध्ये भारतात आलेल्या १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटकांत पहिला नंबर बांगलादेशाचा होता, अमेरिकेच्याही वर. तो आकडा बघून माझ्या तोंडून निघालं, “हे पर्यटक कसले?” ढाक्याहून कोलकात्याला डॉक्टरकडे आलेला, नातेवाइकांकडे उतरलेला, बाजार करून परत गेलेला. लेकीने मान वर न करता विचारलं, “मग कोण?” मला उत्तर सुचलं नाही. लेख पाठवला नाही.

इथे मला मोठेपणा घ्यायचा नाही. आकड्यांनी माझा युक्तिवाद काढून घेतला, नजर जिथल्या तिथे राहिली. माणसाला आकडे पटतात आणि तो दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखाच वागतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

ही नजर आली कुठून याचा विचार मी बराच टाळला. मी जुन्या शहरात वाढलो. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या ओसरीवर जे बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोणी काठी घेऊन बाहेर पडलं नाही, एवढ्यावर आम्ही स्वतःला सभ्य समजायचो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मी तोवर गाइड झालो होतो, फ्रेंच पुस्तकं वाचत होतो, आणि हे सगळं मागे टाकलं अशा समजुतीत होतो.

पण माझं वेरूळचं भाषण काय होतं? “भारतात जन्मलेला हा धर्म साधारण बाराव्या शतकानंतर भारतातून नाहीसा झाला.” अस्खलित फ्रेंचमध्ये, एक हात स्तूपाकडे करून. वर्षानुवर्षं. बाबासाहेबांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला ते १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर माझ्या भाषणात कधी आलंच नाही. बुद्धपौर्णिमेला विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं रीघ लावतात, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय त्याच रस्त्यावर आहे, आणि मी त्या दिवशी पाहुण्यांना तिकडे नेणं टाळायचो. गर्दी असते म्हणून. एकदा वेरूळलाच एका फ्रेंच शिक्षिकेने समोरच्या कुटुंबाकडे बोट दाखवून विचारलं होतं: बायका पांढऱ्या साड्यांत, पोराच्या हातात पंचशील ध्वज, धर्म नाहीसा झाला म्हणता, मग हे कोण? मी म्हणालो, “पिकनिकला आलेले लोक.” तिने ते वहीत लिहून घेतलं.

त्या वहीचा मला अजून त्रास होतो. कुठल्यातरी फ्रेंच गावात, कुठल्यातरी फळीवर माझं ते खोटं पडून असेल.

आता २०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. तोवर जग पुन्हा हिंडायला लागलं होतं. २०२० मध्ये १४६ कोटींवरून ४० कोटींवर कोसळलेला आकडा त्या वर्षाअखेर १४० कोटींच्या घरात गेला. मध्यपूर्व जुन्या आकड्याच्याही पुढे, युरोप जाग्यावर, आशिया तेवढा थोडा मागे. आपली माणसं म्हणाल तर त्या वर्षी ३ कोटींहून अधिक भारतीय परदेशी जाऊन आले, त्यातले २१ लाख एकट्या थायलंडला. (आमच्या सिडकोतले शेजारी सहलकंपनीबरोबर बँकॉक करून आले. बरोबर आपला आचारी, सकाळी पोहे, रात्री वरणभात. त्यांना मी हसलो नाही.)

माझ्याबरोबर ल्योंचं एक जोडपं होतं, वेरूळचं दहावं लेणं बघायचं होतं. विश्वकर्मा, गावातले लोक सुतार की झोपडी म्हणतात, कारण छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडात कोरल्या आहेत. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चैत्यगृह. आत स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला भव्य बुद्ध, आणि त्या कमानदार छताचा नाद असा की हळू आवाजात काही म्हटलं तरी भरून राहतं. इथे माझा हुकमी एक्का असायचा. पाहुण्यांना खांबाजवळ उभं करायचं, बोलू नका म्हणायचं, स्तूपासमोर जायचं आणि खर्जात त्रिशरण म्हणायचं. तीनदा. छत घुमायचं, बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला हे एका जुन्या गाइडने शिकवलं होतं, जशी एखादी हातचलाखी शिकवावी तसं. त्या पाण्याचं पुढे टिपमध्ये काय होतं हे मला बरोबर माहीत होतं.

त्या दिवशी आत आधीच एक ग्रुप बसलेला. श्रीलंकेचा. पांढरे कपडे, पुढे दोन भन्ते, बाहेर पायरीवर चपला-बुटांची रांग. मी पाहुण्यांना म्हटलं, पाच मिनिटं थांबू, हे गेले की तुम्हाला इथला आवाज ऐकवतो. तेवढ्यात वंदना सुरू झाली.

ती मी रोज म्हणायचो तीच होती. पण मी ती एकट्याने, ऐकवायला म्हणायचो. इथे चाळीसेक माणसं एकमेकांच्या आवाजाला आवाज लावत होती, कोणी चुकत होतं, एका म्हातारीला दम पुरत नव्हता, मागचा एक पोरगा घाई करत होता, आणि छत ते सगळं एकत्र करून परत खाली देत होतं. ते छत कशासाठी कोरलं असेल याचं उत्तर मी इतकी वर्षं पाहुण्यांना देत आलो होतो, शतकासकट. ते वापरात असताना कसं वागतं हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग माझ्या लक्षात आलं की मागच्या बाजूचा सूर जरा वेगळा लागतोय. शब्द तेच, हेल आपला. आमच्या मराठवाड्याचा. श्रीलंकेच्या बायकांच्या मागे आणखी आठ-दहा बायका येऊन बसल्या होत्या, त्याही पांढऱ्या साड्यांत, त्याही हात जोडून. पाठमोऱ्या. त्यातल्या लंकेच्या कोण आणि इकडच्या कोण, मला बघून सांगता येईना. कान लावला तेव्हा कळलं. पुढच्यांनी पंचशील घेतलं, मागच्यांनी त्यांच्याबरोबर घेतलं. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही.

मी दाराशी बूट घालून उभा होतो. फ्रेंच बाई कधी बूट काढून खांबाला टेकून खाली बसली ते मी पाहिलंच नाही. कैलासला उशीर होत होता म्हणून मी खूण केली. तिने मान हलवली, नाही म्हणून. सगळं संपल्यावर बाहेर येताना मी सवयीने म्हटलं, आता तुम्हाला आवाज ऐकवतो. ती म्हणाली, नको, ऐकला.

पायरीवर त्या बायका चपला घालत होत्या. पन्नाशीच्या एका बाईला मी विचारलं, “ताई, कुठल्या तुम्ही?”

“भोकरदनकडच्या.”

“त्या लोकांची आधीची ओळख आहे का?”

“न्हाई. ओळख कशाची, भाऊ? वंदना घेऊ लागले होते, आमी बसलो.” मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, “तुमी रोज इथंच असता का?”

“हो.”

“मंग तुमाला येत असंल की वंदना.”

“येते,” मी म्हणालो.

“मंग बसायचं ना.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता की येते तर हा उभा का राहिला. मी काहीतरी हसल्यासारखं केलं आणि पाहुण्यांना घेऊन कैलासकडे चालू लागलो. कैलासात शिरल्यावर राष्ट्रकूटांचं नेहमीचं भाषण सुरू केलं आणि पहिल्या कृष्णाचं नाव आठवेना. असं कधी झालं नव्हतं.

मी फ्रेंच शिकलो ती जगाशी बोलता यावं म्हणून. त्यासाठी घरदार, पैसा, तरुणपण घातलं. भोकरदनकडची ही बाई कोलंबोकडच्या बायकांबरोबर बसली आणि तिला दुभाषा लागला नाही. ज्या दगडाला मी आयुष्यभर परक्यांच्या डोळ्यांनी दाखवत आलो, त्याच्याशी तिचं घरचं येणं-जाणं होतं, आणि मी तिला पिकनिकच्या खात्यात टाकलं होतं. श्रीलंकेच्या बायकांना पाया पडायला येणाऱ्यांच्या खात्यात. दोन्हीकडे माझा राग एकच होता, हे मला तेव्हा उमगलं. या लोकांना माझी गरज नव्हती. आणि त्यातल्या एका गटाची गरज नसणं मला इतरांपेक्षा जास्त का झोंबायचं, याचं उत्तर आमच्या ओसरीवर होतं.

माझ्या भाषणात आता १९५६ आहे. बाराव्या शतकानंतर काय झालं हे सांगून मी नागपूरला येतो, मग मिलिंद महाविद्यालयाला, मग आजच्या दिवसाला, आणि समोर एखादं कुटुंब असेल तर पाहुण्यांना सांगतो की हे या लेण्याचे आजचे उपासक. काही पाहुण्यांना ते आवडतं, काहींना शतकंच हवी असतात. दहाव्या लेण्यात मी आता काही म्हणून दाखवत नाही. त्याने टिप कमी झाली आहे. बुद्धिस्ट ग्रुप अजूनही मला गाइड म्हणून घेत नाहीत, घेणारही नाहीत. मत बदललं म्हणून धंदा बदलला असं झालेलं नाही. आणि खरं सांगायचं तर पार्किंगमध्ये फ्रेंच ग्रुपची बस शिरली की माझी चाल आजही बदलते. मान आपोआप ताठ होते. ते गेलेलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या महिला गटाची, डब्ल्यू-२० ची पहिली बैठक आमच्या शहरात झाली. पाहुणे येणार म्हणून भिंती रंगवल्या, दुभाजकांत झाडं लावली, दिव्यांची रोषणाई केली. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पाहुण्यांसाठी घर आवरायचंच. गेल्या वर्षी सीझनच्या तोंडावर आम्हा गाइड मंडळींची बैठक झाली आणि सालाबादप्रमाणे निवेदनाचा मसुदा निघाला: परदेशी पर्यटक वाढवा, थेट विमानसेवा द्या. मी दोन ओळी घालायला सांगितल्या. बसने येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सावली आणि पाणी असावं, आणि दहाव्या लेण्यात ज्यांना बसून वंदना घ्यायची आहे त्यांना निवांत अर्धा तास मिळावा, देशातले असोत की बाहेरचे.

“तुला त्यातून काय मिळणार आहे?” जर्मनवाल्याने विचारलं.

“काही नाही.”

बरेच जण हसले. विमान राहिलं, माझ्या ओळी गळाल्या. या वर्षी मी त्या पुन्हा मांडणार आहे. जर्मनवाल्याने अनुमोदन द्यायचं कबूल केलंय, चहा माझ्याकडून असेल तर.